शस्त्रक्रियागृहाची नवी फरशी : दृढीकरण आणि निगा

सन २०२४-२५ या वर्षाच्या जमाखर्चात 'इमारत दुरुस्ती व सुधारणा' या सदराखाली मोठ्या शस्त्रक्रियागृहाच्या फरशीचा खर्च दाखविलेला आहे. हा खर्च ज्या देणग्यांतून झाला त्या दात्यांना, तो मंजूर करणाऱ्या विश्वस्तांना आणि या कामामुळे ज्यांच्या शस्त्रक्रिया पुढे ढकलाव्या लागल्या त्या रुग्णांच्या कुटुंबीयांना या कामाची माहिती मिळावी, हा या लेखाचा हेतू आहे. जानेवारी २०२५ मध्ये सुरू झालेल्या या कामाच्या काळात आमच्याकडे वारंवार एकच प्रश्न आला. फरशी तयार दिसते आहे, कारागीर निघून गेले आहेत, मग दरवाजाला कुलूप का? प्रश्न रास्त होता. हर्नियाच्या वा गर्भाशयाच्या शस्त्रक्रियेसाठी तारीख घेऊन, शेतीची कामे शेजाऱ्यांवर सोपवून, एस.टी.ने दोन तालुके ओलांडून आलेल्या माणसाला रिकामे व चकचकीत शस्त्रक्रियागृह बंद दिसले, तर त्याला राग येणे स्वाभाविकच आहे. त्या प्रश्नाचे उत्तर तोंडी चार वाक्यांत देता येत नव्हते, म्हणून ते येथे सविस्तर देत आहोत.

जुनी फरशी का काढली?

आपल्या शस्त्रक्रियागृहाची मूळ फरशी मोझेक लाद्यांची होती. त्या काळच्या मानाने ती उत्तमच होती. परंतु लादी कितीही चांगली असली तरी दोन लाद्यांमध्ये सांधा असतो, आणि सांध्यात भरलेले सिमेंट सच्छिद्र असते. शस्त्रक्रियेच्या वेळी जमिनीवर सांडणारे रक्त, सलाइन व जंतुनाशके त्यात मुरतात. वरून पुसलेली लादी स्वच्छ दिसते, पण सांध्याच्या आत जंतूंना ओल आणि अन्न दोन्ही मिळत राहते. भिंत व जमीन जेथे काटकोनात मिळतात त्या कोपऱ्यातही पोछा पोहोचत नाही.

म्हणूनच शस्त्रक्रियागृहाची जमीन सांधेविरहित, गुळगुळीत, पाणी न शोषणारी आणि वारंवार धुता येण्याजोगी असावी, तसेच भिंतीशी ती गोलाई देऊन वर चढविलेली असावी, असा दंडक रुग्णालयांच्या मानांकनात आहे. हे सारे साधण्याचा एक मार्ग म्हणजे रेझिनची, म्हणजे कृत्रिम राळेची, एकसंध फरशी. आपण इपॉक्सी जातीचे रेझिन निवडले. जमिनीवर सुमारे ३ मिलिमीटर जाडीचा थर आणि भिंतीवर काही इंच चढलेली गोलाई, असे तिचे स्वरूप आहे.

दोन द्रव, एक घन

इपॉक्सी म्हणजे काय, हे समजण्यासाठी घराघरांत असणाऱ्या अॅराल्डाईटच्या दोन नळ्या आठवाव्यात. एका नळीत रेझिन असते, दुसरीत घट्टक म्हणजे हार्डनर. दोन्ही वेगवेगळी ठेवली तर दीर्घकाळ टिकतात. एकत्र केली की काही वेळात दगडासारखी होतात. फरशीचे रेझिन याच कुळातील आहे.

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. तैलरंग जसा वाळतो तशी ही फरशी 'वाळत' नाही. आपण वापरलेल्या रेझिनमध्ये उडून जाणारे द्रावक नव्हतेच. रेझिनचे रेणू आणि घट्टकाचे रेणू एकमेकांशी जोडले जातात, त्यांची साखळी बनते, साखळ्या एकमेकींत गुंततात आणि अखेरीस सर्व फरशीभर रेणूंचे एक सलग जाळे तयार होते. ही रासायनिक क्रिया आहे आणि तिच्यातून उष्णता बाहेर पडते. म्हणूनच बादलीत कालवलेले मिश्रण तेथेच राहू दिले तर ते तापते व बघता बघता जमते. जमिनीवर पातळ पसरले की उष्णता निघून जाते आणि क्रिया संथपणे चालते. कारागिरांना मिश्रण कालवल्यापासून साधारण अर्ध्या तासात ते पसरावे लागते, त्याचे कारण हेच.

दोन घटकांचे प्रमाण उत्पादकाने ठरवून दिलेले असते व ते काटेकोरपणे पाळावे लागते. घट्टक थोडा जास्त घातला तर फरशी लवकर पक्की होईल, असा तर्क कोणीही करील. परंतु प्रत्येक रेणूला जोडीदार मिळाला तरच जाळे पूर्ण होते. घट्टक जास्त झाला तर उरलेले रेणू एकटे राहतात, आणि ती जागा कायमची मऊ अथवा चिकट राहते. या चुकीवर नंतर उपाय नाही. तो भाग खरवडून पुन्हा करावा लागतो. त्यामुळे आम्ही डबे अर्धे वापरू दिले नाहीत. उत्पादकाने जोडीने दिलेले दोन्ही डबे पूर्ण रिकामे करूनच कालवावेत, असा करार ठेकेदाराशी केला होता.

घट्ट होणे आणि पक्व होणे

आता मुख्य प्रश्नाकडे वळू. आपल्या हवामानात, म्हणजे सुमारे २५ ते ३० अंश सेल्सिअस तापमानात, इपॉक्सीच्या फरशीवर साधारण २४ तासांनी पाऊल ठेवता येते. दोन ते तीन दिवसांनी हलकी वाहतूक चालते. परंतु रासायनिक दृढीकरण पूर्ण व्हावयास ७ दिवस लागतात. थंडी असेल तर हा काळ वाढतो, कारण तापमान सुमारे १० अंशांनी उतरले की अशा क्रियांचा वेग ढोबळमानाने निम्म्यावर येतो.

पहिल्या दिवशी रेणूंचे जाळे माणसाचे वजन पेलण्याइतके विणलेले असते. तथापि त्यात अजून बऱ्याच गाठी बसावयाच्या असतात. डोळ्यांना आणि हाताला पहिल्या दिवसाची फरशी व सातव्या दिवसाची फरशी सारखीच लागते, आणि घोटाळा येथेच होतो. लोणच्याची बरणी पहिल्या दिवशीही भरलेलीच दिसते, पण ते मुरलेले नसते. अपुऱ्या पक्व फरशीवर स्पिरिट सांडले तर पृष्ठभाग मऊ पडतो. पोव्हिडोन आयोडिन सांडले तर तपकिरी डाग आत जाऊन बसतो. ओला पोछा फिरविला तर पांढरट छटा उमटते. शस्त्रक्रियेच्या टेबलाचा जड पाया एकाच जागी उभा राहिला तर तेथे खळगा पडतो. शस्त्रक्रियागृहात स्पिरिट, आयोडिन, पाणी आणि जड टेबल या चारही गोष्टी पहिल्याच तासात येतात. म्हणून शस्त्रक्रियागृहापुरता 'तिसऱ्या दिवशी चालता येते' या सवलतीचा काहीच उपयोग नाही.

या काळात तातडीच्या शस्त्रक्रिया, सिझेरियन व अपघातातील हाडांच्या शस्त्रक्रिया, लहान शस्त्रक्रियागृहात अहोरात्र चालू होत्या. पूर्वनियोजित शस्त्रक्रियांची यादी मात्र लांबत होती. तिसऱ्या दिवशी काही शल्यचिकित्सकांनी किमान अर्धा दिवस मोठे शस्त्रक्रियागृह वापरू द्यावे, अशी मागणी केली. ती रुग्णांच्या काळजीपोटीच होती. विश्वस्तांनी दोन्ही बाजू ऐकल्या. घाईने उघडून फरशी बिघडली तर खरवडणे, पुन्हा थर देणे व पुन्हा ७ दिवस थांबणे अटळ होते. शिवाय खरवडण्याची धूळ आणि नव्या रेझिनचा वास यांना पुन्हा तोंड द्यावे लागले असते. चार दिवस वाचविण्यासाठी तीन आठवडे गमावण्याची जोखीम रुग्णांच्या वतीने घेता येणार नाही, असे ठरले आणि कुलूप तसेच राहिले.

पाणी : सिमेंटाचा मित्र, रेझिनचा शत्रू

बांधकामाशी थोडाही संबंध आलेल्या प्रत्येकाला 'क्युअरिंग' म्हणजे पाणी मारणे, हे ठाऊक असते. स्लॅब टाकला की त्यावर आळी बांधून पाणी साठवतात, भिंतींवर सकाळ-संध्याकाळ पाणी मारतात. सिमेंट पाण्याशी संयोग पावूनच बळकट होते, त्यामुळे साध्या सिमेंटच्या काँक्रीटला किमान ७ दिवस ओले ठेवावे असा भारतीय मानकाचाही नियम आहे. आमच्या कर्मचाऱ्यांपैकी एकाने नव्या रेझिनच्या फरशीवरही पाणी मारायचे का, असे विचारले होते. शब्द एकच असल्याने शंका येणे साहजिक होते. परंतु रेझिनच्या बाबतीत नियम नेमका उलटा आहे. पहिले ७ दिवस तिला पाण्याचा थेंबही लागता कामा नये.

याचे कारण असे की, घट्टकातील अमाइन नावाची द्रव्ये हवेतील बाष्प आणि कार्बन डायऑक्साइड यांच्याशी संयोग पावू शकतात. तसे झाले की पृष्ठभागावर मेणचट, पांढुरका थर येतो. चकाकी जाते, आणि त्यावर दुसरा थर द्यावयाचा असेल तर तो नीट धरत नाही. वेळीच लक्षात आल्यास हा थर कोमट पाण्याने पुसून काढता येतो, परंतु तेही फरशी पुरेशी घट्ट झाल्यावर. तो येऊच न देणे अधिक चांगले.

पाणी खालूनही येते. रेझिनचा थर पाणी आरपार जाऊ देत नाही. खालच्या काँक्रीटमध्ये ओल राहिली असेल तर ती बाष्परूपाने वर येऊ पाहते, तिला वाट मिळत नाही आणि फरशीला फोड येतात. म्हणून जुन्या लाद्या काढून सिमेंटाचा जो नवा थर घातला, त्याला प्रथम पाणी मारले आणि मग कोरडा होऊ दिला. या दोन्हींसाठी मिळून २८ दिवस दिले. कामाचा सर्वाधिक काळ येथे गेला. त्यानंतर एक साधी चाचणी घेतली. सुमारे दीड फूट लांब-रुंद प्लास्टिकचा पारदर्शक कागद चारही बाजूंनी चिकटपट्टीने जमिनीवर बंद केला व किमान १६ तास ठेवला. कागदाच्या आतल्या बाजूस दव जमले अथवा खालचे काँक्रीट काळपट पडले, तर ओल शिल्लक आहे असे समजावे. त्याखेरीज यंत्रानेही ओलावा मोजला. सर्वसाधारण इपॉक्सीसाठी तो ४ टक्क्यांच्या आत असावा लागतो. कोरड्या झालेल्या सिमेंटावरचा दुधाळ, भुसभुशीत पापुद्रा यंत्राने घासून, धूळ व्हॅक्यूमने ओढून घेऊन मगच पहिला थर दिला. पाया कच्चा असेल तर वरची फरशी कितीही उत्तम असली तरी तो पापुद्रा सोबत घेऊन ती सुटते.

हवामान व दवबिंदू

हे काम जानेवारीतच का, पावसाळ्यात रुग्ण कमी असताना का नाही, असेही विचारले गेले. जून ते सप्टेंबर या काळात आपल्या किनारपट्टीवर हवेतील सापेक्ष आर्द्रता वारंवार ८५ टक्क्यांच्या वर जाते. इपॉक्सीचे काम त्या मर्यादेच्या आत करावे लागते.

दुसरे कारण दवबिंदूचे आहे. हवा ज्या तापमानापर्यंत थंड झाली असता तिच्यातील बाष्पाचे दव होते, त्यास दवबिंदू म्हणतात. तापमान ३० अंश व आर्द्रता ८० टक्के असेल तर दवबिंदू सुमारे २६ अंशांवर असतो. जमिनीचे तापमान दवबिंदूपेक्षा किमान ३ अंश अधिक असावे, असा रेझिनच्या कामाचा सर्वमान्य नियम आहे. म्हणजे अशा दिवशी जमीन २९ अंशांहून थंड असता कामा नये. पावसाळ्यात वातानुकूलित शस्त्रक्रियागृहाची जमीन २२ अंशांवर असेल आणि कोणी दार उघडे टाकले, तर बाहेरची दमट हवा आत येताच जमिनीवर डोळ्यांना न दिसणारे दव धरेल. थंड पाण्याच्या पितळी तांब्याला बाहेरून पाणी सुटते, तोच हा प्रकार. या दवावर रेझिन टाकले तर ते धरणार नाही, आणि टाकलेल्या रेझिनवर दव पडले तर ते डागाळेल.

म्हणून दृढीकरणाच्या काळात आम्ही वातानुकूलन यंत्रणा नेहमीच्या थंडाव्यावर चालविली नाही. खोली कोरडी आणि समान तापमानात ठेवली, भिंतीवर तापमान-आर्द्रतामापक लावला व दिवसातून तीन वेळा नोंद केली. शस्त्रक्रियागृहाचे नेहमीचे तापमान २१ अंशांच्या आसपास राखावयाचे असते, परंतु तेथपर्यंत ते ७ दिवसांनंतर टप्प्याटप्प्याने उतरविले. शस्त्रक्रियागृहाची हवा इतर कक्षांत न जाता थेट बाहेर सोडली, जेणेकरून दम्याच्या व श्वसनविकाराच्या रुग्णांना वासाचा त्रास होऊ नये. घट्टक त्वचेला लागल्यास चट्टे उठू शकतात, त्यामुळे कारागिरांना हातमोजे व चष्मे सक्तीचे होते.

सात दिवसांनंतर : उघडण्यापूर्वी

सात दिवस पूर्ण झाल्यावरही कुलूप लगेच निघाले नाही. प्रथम फरशीची पाहणी झाली. नख रोवून पाहणे, कापसाचा बोळा द्रावकात भिजवून घासणे व तो रंग धरतो का हे पाहणे, नाण्याने ठोकून पोकळ आवाज येतो का हे ऐकणे, अशा साध्या परीक्षा सर्व कोपऱ्यांत घेतल्या. फरशीखाली घातलेली तांब्याची पट्टी जमिनीत भूसंपर्कित आहे की नाही हे विद्युत अभियंत्याने तपासले. स्थिर विद्युत अंगावर साठू नये यासाठी ही पट्टी असते. ईथरसारखी स्फोटक भूलद्रव्ये वापरात होती त्या काळी तिचे महत्त्व जीवनमरणाचे होते, आणि आजच्या नाजूक विद्युत उपकरणांसाठीही ती हवीच.

त्यानंतर छत, भिंती व जमीन या क्रमाने धुलाई झाली, हवेची गाळणी तपासली, जंतुनाशकाची फवारणी केली आणि सूक्ष्मजीवशास्त्र विभागाने ठिकठिकाणचे नमुने घेतले. ही ओली फवारणी दृढीकरणापूर्वी करता येत नाही, हेही ७ दिवस थांबण्याचे एक कारण. नमुन्यांचे अहवाल निर्दोष आल्यावर पहिली शस्त्रक्रिया झाली.

रोजची निगा

फरशीचे आयुष्य आता आपल्या हाती आहे. सफाई विभागातील मावशी, वॉर्डबॉय व परिचारिका यांच्यासाठी मराठीत लिहिलेला निगेचा तक्ता शस्त्रक्रियागृहाच्या बाहेर लावला आहे. त्यातील मुख्य नियम असे :

१. रोज सौम्य, उदासीन साबणाचे पाणी व मऊ पोछा वापरावा. तारेचा ब्रश, काथ्या वा खरखरीत घासणी वापरू नये. बारीक ओरखड्यांत मळ बसतो, आणि ज्या सांध्यांपासून सुटका करून घेतली तेच नव्या रूपात परत येतात.

२. रक्त सांडल्यास ठरलेल्या तीव्रतेच्या सोडियम हायपोक्लोराइटने निर्जंतुक करावे, नेमून दिलेला वेळ ठेवावे आणि नंतर स्वच्छ पाण्याने पुसावे. ते तसेच सुकू देऊ नये.

३. आयोडिन सांडताच पुसावे. पूर्ण पक्व फरशीवरही ते तासन्‌तास राहिल्यास डाग पडतो. ॲसिड, ॲसिटोन व फिनेल फरशीवर वापरू नये.

४. उकळते पाणी वा वाफेचे यंत्र वापरू नये. इपॉक्सी साधारण ५० ते ६० अंशांपुढे मऊ पडू लागते.

५. मेण वा पॉलिश लावू नये. त्याने फरशी निसरडी होते आणि भूसंपर्काचा उपयोग नाहीसा होतो.

६. टेबल, कपाट, भूलयंत्र ओढत नेऊ नये. स्ट्रेचर व ट्रॉलीच्या चाकांत अडकलेले खडे, टाक्यांच्या सुयांचे तुकडे दर आठवड्याला काढावेत. फुटलेले चाक त्याच दिवशी बदलावे. फरशी खराब होण्याचे सर्वांत सामान्य कारण चाक हेच असते.

७. काळ्या रबराच्या चटया कायमच्या अंथरून ठेवू नयेत. रबरातील द्रव्ये रेझिनमध्ये उतरून पिवळट डाग पडतात आणि खाली ओल कोंडते.

८. लहानसा टवका उडाला तरी नोंदवहीत लिहावे. नखाएवढी जागा तासाभराच्या कामात बुजविता येते. ती तशीच राहिली तर पाणी आत शिरते आणि थर कडेने सुटत जातो.

दर सहा महिन्यांनी संपूर्ण फरशीची पाहणी करून तिचा अहवाल विश्वस्त मंडळापुढे ठेवण्यात येईल.

पुढील संकल्प : उपचारवाट

बाह्यरुग्ण विभागापासून फिजिओथेरपी विभागापर्यंतची वाट सध्या चिऱ्यांची व खाचखळग्यांची आहे. चाकाच्या खुर्चीतील व कुबडीवरील रुग्णांना ती त्रासाची आहे, आणि पावसाळ्यात शेवाळ धरून धोक्याची होते. येथे रेझिनबद्ध खडीचा पृष्ठभाग करावा, असा प्रस्ताव विचाराधीन आहे. यात बारीक, धुतलेली व पूर्ण कोरडी खडी रेझिनमध्ये अशी कालवतात की प्रत्येक कणाला लेप बसतो, आणि मग थापीने सपाट थर देतात. कणांमधील पोकळीतून पाणी खाली झिरपते, त्यामुळे डबकी साचत नाहीत आणि चाकही अडत नाही. निसरडे होऊ नये म्हणून ओल्या थरावर बारीक कच भुरभुरवितात.

उघड्यावर सूर्यप्रकाशात इपॉक्सी पिवळी पडते व भुकटी धरते. तेथे ऊन सोसणाऱ्या जातीचे पॉलियुरेथेन लागते. त्याचे पाण्याशी अधिकच वाकडे आहे. दृढ होण्यापूर्वी ओल लागली तर त्यातून कार्बन डायऑक्साइड वायू सुटून फेस येतो आणि पृष्ठभाग पांढरा पडतो. त्यामुळे हे काम दसरा-दिवाळीनंतरच्या कोरड्या दिवसांतच करावे लागेल, आणि पहाटेच्या दवापासूनही ते झाकून ठेवावे लागेल. पायी वर्दळीसाठी ते एका दिवसात खुले होते. रुग्णवाहिका वा दुचाकी मात्र काही दिवस वर्ज्य ठेवाव्या लागतात, कारण उभ्या जागी चाक वळविले की कोवळ्या थरातील खडे उखडतात. पुढे निगा म्हणून पाचोळा नियमित झाडणे, लाल माती कणांच्या पोकळीत बसू न देणे आणि पावसाळ्याच्या आधी व नंतर बेताच्या दाबाच्या पाण्याने शेवाळ धुणे, एवढे करावे लागेल. पोकळी मातीने भरली तर पाणी झिरपणे थांबते आणि मूळ हेतूच हरवतो. हा प्रस्ताव निधीच्या उपलब्धतेनुसार मंडळापुढे येईल.

हिशेबाच्या दृष्टीने

हिशेबाच्या वहीत रेझिनची किंमत दिसते, मजुरी दिसते, दरवर्षीचा घसाराही दिसेल. थांबलेल्या दिवसांसाठी मात्र वहीत रकाना नाही. त्या दिवसांची किंमत रुग्णांनी वाट पाहून, नातेवाइकांनी दुसरी खेप करून आणि आमच्या डॉक्टर व परिचारिकांनी लहान शस्त्रक्रियागृहात रात्री उशिरापर्यंत काम करून भरली आहे. फरशी किती वर्षे टिकते हे मोठ्या प्रमाणावर त्या थांबण्यावर अवलंबून असल्याने, तिला देणगीचाच एक भाग मानणे योग्य होईल.

पुढे ढकललेल्या शस्त्रक्रियांच्या रुग्णांना, शस्त्रक्रियागृह उघडल्यानंतर, मूळ तारखांच्या क्रमानेच प्राधान्य दिले. यापुढे असे काम निघाल्यास दृढीकरणाचे दिवस धरूनच नव्या तारखा देण्यात येतील, आणि कामाचे वेळापत्रक चौकशी कक्षासमोर व गावोगावच्या आमच्या शिबिरांत आधीच जाहीर करण्यात येईल, जेणेकरून कोणाचीही खेप वाया जाऊ नये.

दात्यांना नवे शस्त्रक्रियागृह पाहावयाचे असल्यास कृपया कार्यालयात पूर्वसूचना द्यावी. आत येताना पादत्राणे बदलावी लागतील, एवढीच विनंती.